कॉन्व्हेंटचं मुलींचं बोर्डिंग: शाळा सुटल्यानंतरचे तास तपासून पाहा

कॅथलिक सिस्टर्सच्या बोर्डिंगची चौकशी करणारे पालक साधारण दोन प्रश्न विचारतात: निकाल कसा लागतो आणि धर्माची सक्ती होते का. दोन्हींची उत्तरं शाळेच्या माहितीपत्रकात असतात. दुपारची शेवटची घंटा झाल्यापासून दिवे मालवेपर्यंत, म्हणजे रोजचे सहा-साडेसहा तास, मुलीजवळ कोण असतं आणि ते काय करतं, हे मात्र त्यात नसतं. बोर्डिंग म्हणून आपण खरं तर हेच तास घेतो. वर्गातलं शिकवणं घरून येणाऱ्या डे-स्कॉलरलाही तेवढंच मिळतं.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. अभ्यासाची बैठक, शांततेची सवय, वाचन, गाणं, चारचौघांत उभं राहून बोलणं या बाबतीत चांगलं कॉन्व्हेंट बोर्डिंग आजही फार वरच्या दर्जाचं आहे. झोप, आजारपण, एकांत आणि तक्रार करण्याची सोय या बाबतीत मात्र चांगल्या नावाच्या शाळाही कमी पडतात. म्हणून तपासायचं ते मुख्यतः या चार ठिकाणी.

त्याआधी एक गोष्ट. नावात ‘सेंट’ आहे म्हणून शाळा कॅथलिक ठरत नाही. चर्चच्या १९८३च्या कायदासंहितेतलं ८०३वं कलम म्हणतं की, चर्चच्या सक्षम अधिकाऱ्याच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेनं ‘कॅथलिक शाळा’ हे नाव लावू नये. तेव्हा शाळा सिस्टर्सच्या कोणत्या संघाची आणि कोणत्या धर्मप्रांतात (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या भागात) येते, हे सरळ विचारावं. उत्तर एका वाक्यात आलं पाहिजे. शाळा सिस्टर्सच्या संघाची असली तरी तिला भेट देण्याचा आणि तिच्यावर देखरेख ठेवण्याचा बिशपचा अधिकार ८०६व्या कलमात आहे. तिथलं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या तोडीचं तरी असलंच पाहिजे, अशी जबाबदारीही त्याच कलमानं शाळा चालवणाऱ्यांवर टाकली आहे. ७९६वं कलम शिक्षकांना पालकांचं म्हणणं आपणहून ऐकायला आणि पालकसभा भरवायला सांगतं. प्राचार्या सिस्टरना ही कलमं माहीत असतात, पालकांना क्वचितच. पालकसभा वर्षातून एकदा, तीही स्नेहसंमेलनाच्या दिवशी उरकली जात असेल, तर या कलमाची आठवण करून द्यायला काहीच हरकत नाही.

संघ कोणता, याला किती महत्त्व द्यायचं? वाटतं त्यापेक्षा जास्त. अँजेला मेरिची यांनी १५३५ साली ब्रेशा इथे उर्सुलाइन परंपरा सुरू केली. मेरी वॉर्ड यांनी १६०९ साली मठाच्या भिंतीबाहेर काम करणाऱ्या स्त्रियांचा संघ उभा केला आणि त्याची घडण जेझुइट या पुरुषांच्या संघासारखी असावी असा आग्रह धरला. १६३१ साली पोप आठवे अर्बन यांनी तो संघ बरखास्त केला, तरी परंपरा तगली, आणि पुढे लोरेटो शाळा तिच्यातूनच आल्या. सोफी बारा यांचा सेक्रेड हार्ट संघ १८००चा, क्लोदिन तेवने यांचा जीझस अँड मेरी संघ १८१८चा. या वेगवेगळ्या मुळांचा परिणाम मुलींच्या दिवसावर दिसतो. सेक्रेड हार्टच्या शाळांमध्ये ‘प्रीम’ नावाच्या सभेत मुलींना वागणुकीबद्दल सर्वांसमोर कार्ड देण्याची आणि मध्येच ‘काँजे’ म्हणजे अचानक खेळाची सुट्टी जाहीर करण्याची जुनी पद्धत आहे. लोरेटोच्या शाळा स्वातंत्र्य, न्याय, निष्कपटपणा, सत्य आणि आनंद ही मूल्यं सांगतात. ही परंपरा जिवंत आहे की नुसती भिंतीवर टांगलेली आहे, हे कळायचं असेल तर तेरा-चौदा वर्षांच्या कोणत्याही बोर्डरला विचारावं, की संस्थापिका बाईंनी नेमकं काय केलं. तिला फक्त त्यांच्या सणाच्या दिवशी सुट्टी असते एवढंच सांगता आलं, तर समजून जावं.

आता मुख्य बदल. १९७०च्या सुमारास जगभरात सुमारे दहा लाख कॅथलिक सिस्टर्स होत्या, आज सहा लाखांच्या आसपास आहेत. पूर्वी सिस्टर डॉर्मिटरीच्या, म्हणजे मुलींच्या झोपायच्या सामायिक खोलीच्या, टोकाला पडद्याआड झोपायची, अभ्यासाला बसायची, आजारी मुलीला औषध द्यायची. आज बऱ्याच ठिकाणी हे सगळं मेट्रन, म्हणजे बोर्डिंग सांभाळणाऱ्या पगारी बायका, करतात आणि सिस्टर फक्त कार्यालयात भेटतात. मेट्रन वाईट असतात असं मुळीच नाही. उत्तम, प्रशिक्षित मेट्रन मुलीच्या दृष्टीनं थकलेल्या सिस्टरपेक्षा बरी. पण मेट्रन दर वर्षी बदलत असेल तर मुलींना ओळखणारं मोठं माणूसच उरत नाही, आणि ती पोकळी मोठ्या मुली भरून काढतात. म्हणून विचारायचं ते असं: कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर किती, त्यातल्या बोर्डिंगचं काम किती जणी करतात, सध्याची मेट्रन किती वर्षं आहे, आणि रात्री ती कोणत्या खोलीत झोपते. शेवटच्या प्रश्नावर ‘जवळच’ असं उत्तर आलं तर खोली दाखवा म्हणावं. डॉर्मिटरीतून हाक मारली तर तिला ऐकू गेली पाहिजे.

वेळापत्रक मागून घ्यावं आणि त्यावर साधी वजाबाकी करावी. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्यांना ८ ते १० तास झोप लागते. पावणेसहाला उठणं आणि दहाला दिवे बंद, हे वेळापत्रक कागदावर पावणेआठ तास देतं. तीस जणींची डॉर्म शांत व्हायला पंधरा-वीस मिनिटं जातात, म्हणजे हातात साडेसातच. चौदा वर्षांच्या मुलीला हे रोज अर्धा तास कमी पडतं, आणि अकरा वर्षांच्या मुलीला तर दीड तास. चांगल्या बोर्डिंगमध्ये ज्युनियर आणि सीनियर मुलींच्या दिवे बंद करण्याच्या वेळा वेगळ्या असतात, डॉर्मही वेगळ्या असतात, आणि पहाटेची रोजची मिस्सा, म्हणजे चॅपलमधली मुख्य उपासना, ज्यांना यायचं त्यांच्यासाठी असते. सगळ्यांना एकाच घंटेवर उठवणं मेट्रनला सोपं जातं, म्हणून ती पद्धत टिकून आहे. यावर पालकांनी जरूर बोलावं, कारण बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट हीच असते.

प्रेप, म्हणजे देखरेखीखालचा अभ्यास, ही या शाळांची खरी कमाई. बहुतेक ठिकाणी तो दोन भागांत असतो: संध्याकाळी तास-दीड तास आणि जेवणानंतर पुन्हा तासभर. स्वतंत्र डेस्क, बोलणं बंद, उठायचं तर परवानगी. पहिल्या सत्रात मुली कुरकुरतात, पण वर्षभरात बहुतेकींना सलग पाऊण तास एका विषयावर बसता येऊ लागतं. हे घरी, टीव्ही आणि फोन शेजारी असताना, साधणं अवघड आहे. बिघडतं ते तीन कारणांनी. देखरेख करणारीला गणित-विज्ञान येत नसेल तर अडलेली मुलगी शेजारणीची वही उतरवते आणि गृहपाठ मात्र पूर्ण दिसतो. एका खोलीत तिसाहून जास्त मुली असतील तर मागची रांग कोणाच्याच नजरेत राहत नाही. आणि काम लवकर संपवणाऱ्या मुलीला वाचायला पुस्तक घेऊ देत नसतील, तर ती मुद्दाम सावकाश लिहायला शिकते. भेटीच्या दिवशी प्रेपच्या खोलीत जाऊन शेल्फ बघावं. तिथे पाठ्यपुस्तकांखेरीज काही आहे का, आणि ते हाताळलेलं दिसतं का?

गाणं आणि वाद्य हा बोर्डरचा खास फायदा. डे-स्कॉलर घरी जाते तेव्हा सरावाच्या खोल्या रिकाम्या होतात आणि बोर्डरला रोज वीस-तीस मिनिटं पियानो मिळू शकतो. चॅपल असल्यामुळे कॉयरला, म्हणजे गायकवृंदाला, वर्षभर खरं काम असतं. नाताळाआधीचा आगमनकाळ, नाताळ, ईस्टरआधीचा पवित्र आठवडा, संस्थापिकेचा सण असं एकामागून एक येतच राहतं. दोन-तीन आवाजांत गायला शिकलेली मुलगी दुसऱ्याचं ऐकायलाही शिकते. वादविवाद, वाचन, नाटक याचंही तसंच. शाळेत मुलगेच नसल्यामुळे ध्वनियंत्रणा, मंचव्यवस्था, प्रयोगशाळेतली जुळवाजुळव सगळं मुलींनाच करावं लागतं, आणि त्या ते करतात.

‘फक्त मुलींची शाळा म्हणून निकाल चांगले’ हा दावा मात्र तपासून घ्यावा. २०१४ साली १८४ अभ्यास एकत्र करून झालेल्या मोठ्या विश्लेषणात काटेकोर तुलना केल्यावर फक्त मुलींच्या किंवा फक्त मुलग्यांच्या शाळांचा फायदा जवळजवळ दिसेनासा झाला होता. निवडक मुली घेतल्या की निकाल चांगला लागणारच. म्हणून पहिल्या दहा मुलींचे गुण पाहू नयेत, प्रवेशाच्या वेळी मध्यम असलेल्या मुलींचं पुढे काय झालं ते विचारावं. शेवटच्या दोन वर्षांत भौतिकशास्त्र आणि वरच्या पातळीचं गणित शिकवणारे पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हेही. काही मुलींच्या शाळा हे विषय कागदावर ठेवतात आणि पुरेशा मुली नाहीत म्हणून वर्ग भरवत नाहीत.

धर्माबद्दल. कोणालाही मनाविरुद्ध कॅथलिक धर्म स्वीकारायला लावायचं नाही, हे चर्चच्या कायद्यातच ७४८व्या कलमात लिहिलेलं आहे. व्यवहारात कॅथलिक मुलींना कॅटेकिझम म्हणजे धर्मशिक्षण आणि इतरांना त्याच तासाला मूल्यशिक्षण, अशी विभागणी बहुतेक शाळा करतात. रविवारच्या मिस्सेला सगळ्या बोर्डरना बसवलं जातं, कारण तेवढा तास त्यांच्यावर लक्ष ठेवायला दुसरं कोणी नसतं. इतर धर्माच्या मुलीनं तिथे शांत बसावं, ख्रिस्तप्रसाद घ्यायला जाऊ नये, एवढीच अपेक्षा असते. हे तिला आधी घरी सांगून ठेवावं, नाहीतर रांगेत सगळ्या उठल्या की ती गोंधळते. सगळ्यांना रोजरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, म्हणावी लागते का, की दुसरी खोली मिळते, हे मात्र लेखी विचारावं. शाळाशाळांत इथेच फरक पडतो. ईस्टरआधीच्या उपवासकाळात चर्चचा मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षं पूर्ण झालेल्यांना आणि उपवासाचा नियम अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांना लागू होतो. तेव्हा राखेच्या बुधवारी (उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी) किंवा गुड फ्रायडेला दहा-बारा वर्षांच्या मुलीला एका जेवणावर ठेवणं हे चर्चच्या नियमातही बसत नाही. कॅथलिक पालकांनी आणखी एक पाहावं. शाळेचे प्रमुख फादर असतील, तर मुलीनं आपणहून मागितल्याखेरीज निवासी विद्यार्थिनींचं पापनिवेदन, म्हणजे फादरांपुढे खासगीत दिलेली चुकांची कबुली, त्यांनी ऐकू नये असं ९८५वं कलम सांगतं. ज्याच्या हातात शिक्षा आणि प्रवेश आहे त्याच्यापुढे मुलीला मन मोकळं करावं लागू नये, यासाठी ते आहे, आणि ते फार शहाणपणाचं आहे. बाहेरचे फादर पापनिवेदनाला ठरावीक दिवशी येतात का, ते विचारून घ्यावं.

मिस्सेपेक्षाही आम्ही रात्रीच्या पाच-दहा मिनिटांच्या आत्मपरीक्षणाला जास्त गुण देऊ. आज काय झालं, कुठे चुकलं, उद्या काय करायचं, हे शांत बसून आठवणं कोणत्याही धर्माच्या मुलीच्या उपयोगी पडतं. ते मेट्रननं घाईत उरकलं तर नुसती आणखी एक घंटा होते.

कपड्यांचं सोपं गणित: धुवायला टाकलेला कपडा परत यायला जितके दिवस लागतात, त्यात दोन मिळवावेत, तितके रोजचे जोड द्यावेत. चार दिवसांनी परत येत असेल तर सहा. शाळेच्या छापील यादीत बहुतेकदा याहून कमी असतात. नावाच्या पट्ट्या इस्त्रीनं चिकटवल्या तर मोठ्या मशिनच्या उष्णतेनं सुटतात. चारही बाजूंनी शिवाव्यात. मोज्यांना वरच्या काठाच्या आतून, स्वेटरला मानेजवळ, टॉवेलला कोपऱ्यात. आतले कपडे जाळीच्या पिशवीत घालून पिशवीवर नंबर लिहावा. बोर्डिंगमध्ये मुलींची भांडणं ज्या गोष्टींवरून होतात, त्यात हरवलेले मोजे फार वर आहेत.

सिक रूम. रात्री नर्स आवारात राहते का, ताप आला तर पालकांना त्याच दिवशी कळवतात का, आणि संसर्गाच्या मुलीला झोपवायला वेगळी खोली आहे का, हे तीन प्रश्न. औषधं ट्रंकेत लपवून देऊ नयेत. मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह नर्सकडे द्यावीत. दम्याचा पंप आणि तीव्र ॲलर्जीचं इंजेक्शन याला अपवाद हवा. ते मुलीच्या अंगाजवळच असलं पाहिजे, कुलपात नको.

उवा आणि खरूज डॉर्मिटरीत येणारच, त्यात शाळेची बदनामी काही नाही. शाळा कशी वागते ते महत्त्वाचं. उवांची अंडी फुटायला सात ते दहा दिवस लागतात, म्हणून एकदा औषध लावून भागत नाही, आठवड्यानं पुन्हा लावावं लागतं, आणि ओल्या केसांत बारीक फणी दर तीन-चार दिवसांनी निदान दोन आठवडे फिरवावी लागते. खरजेत पहिल्यांदा लागण झालेल्या मुलीला खाज सुटायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात. तोवर ती लागण शेजारच्या पलंगावर पोचवते. त्यामुळे खाज येणाऱ्या एकटीला औषध देऊन उपयोग नाही. जवळच्या सगळ्यांना एकाच दिवशी द्यावं, चादरी गरम पाण्यात धुवाव्यात आणि आठवड्यानं पुन्हा तेच करावं. ‘आमच्याकडे असं काही होत नाही’ असं सांगणाऱ्या शाळेपेक्षा हे वेळापत्रक सांगणारी शाळा निवडावी.

पाळीच्या बाबतीत न्हाणीघरं नीट बघावीत. पॅड न्हाणीघरातल्याच कपाटात आहेत की मेट्रनच्या दारावर जाऊन मागावे लागतात? झाकणाची बादली प्रत्येक शौचालयात आहे का? पाळी पहिल्यांदा येणारी मुलगी अकरा वर्षांची असू शकते, आणि ती रात्री दोन वाजता दार वाजवणार नाही. न्हाणीघराच्या दाराला आतून कडी हवी, पडदा चालणार नाही. या बाबतीत जुन्या, देखण्या इमारती बहुतेकदा नापास होतात.

घरची आठवण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत सगळ्यात जास्त सतावते, आणि दिवसातून झोपायच्या वेळी, आठवड्यातून रविवारी दुपारी. म्हणून फोनची वेळ रात्रीची ठेवणारी शाळा नकळत रडणं वाढवते. जेवणाआधीची, ठरलेल्या वाराची वेळ उत्तम. ‘नाही आवडलं तर घेऊन येऊ’ असं वचन पालकांनी देऊ नये, कारण मग मुलीचं सगळं लक्ष न आवडण्याकडे लागतं. दीड महिन्यानंतरही झोप नसेल, वजन उतरत असेल, गुण घसरत असतील, तर तिला घरची आठवण येते एवढ्यावर सोडू नये. कारण शोधायला जावं, आणि पहिला प्रश्न मोठ्या मुलींच्या वागण्याबद्दल विचारावा. प्रीफेक्टना, म्हणजे मॉनिटर नेमलेल्या मोठ्या मुलींना, शिक्षा करण्याचा अधिकार असलेल्या शाळेत त्रास लपतो, कारण तक्रार ज्यांच्याकडे जायची त्याच त्रास देणाऱ्या असू शकतात. प्रीफेक्टनं नोंद करावी, शिक्षा मोठ्या माणसानंच द्यावी. जेवणाच्या टेबलावरच्या जागा दर काही आठवड्यांनी बदलत असतील तर ते चांगलं लक्षण. एकटी पडलेली मुलगी त्यात लवकर नजरेस येते.

तक्रारीच्या सोयीबद्दल संकोच करू नये. आयर्लंडमधल्या चौकशी आयोगाचा २००९चा अहवाल धार्मिक संघांच्या निवासी संस्थांत मुलांचं म्हणणं वर्षानुवर्षं कसं दाबलं गेलं, ते सविस्तर मांडतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१९ साली काढलेल्या आदेशानं प्रत्येक धर्मप्रांतात तक्रार नोंदवण्याची व्यवस्था बंधनकारक केली आणि सिस्टर्स व फादरांवरही अशी माहिती कळवण्याचं बंधन घातलं. तेव्हा धर्मप्रांताच्या त्या कार्यालयाचा क्रमांक डॉर्मिटरीच्या फलकावर लावलेला हवा. मुलीची पत्रं आणि फोन कोणी वाचत-ऐकत नाही याची लेखी हमी हवी. वाचत असतील, तर बाकी कितीही चांगलं असलं तरी आमचा सल्ला स्पष्ट ‘नाही’ असाच आहे.

आग. २३ फेब्रुवारी १९४३ रोजी आयर्लंडमधल्या कॅव्हन इथे सिस्टर्सच्या अनाथाश्रमात रात्री धुलाईखान्यातून आग लागली आणि वरच्या डॉर्मिटरीत अडकलेल्या ३५ मुली आणि एक वृद्ध स्वयंपाकीण दगावली. म्हणून डॉर्मिटरीला दोन वेगळ्या जिन्यांकडे जाणारी दोन दारं हवीत, आणि ती रात्री आतून किल्लीशिवाय उघडली पाहिजेत. सुरक्षेच्या नावाखाली बाहेरून कुलूप लावणं आणि सगळ्या खिडक्यांना न उघडणारे गज बसवणं अजूनही चालतं. आगीतून बाहेर पडण्याचा सराव दिवसा मैदानावर घेतला तर त्याचा उपयोग थोडा. दर सत्रात एकदा, मुली झोपलेल्या असताना घ्यायला हवा. रात्री घेतलेल्या शेवटच्या सरावाची तारीख आणि सगळ्या बाहेर यायला लागलेला वेळ वहीत नोंदलेला असतो; ती वही मागावी.

प्रवेशाचं वय आमच्या मते अकरा-बारा. त्याहून लहान मुलीला स्वतःचे केस, कपडे आणि दुखणं सांभाळणं एकाच वेळी जमत नाही, आणि त्याचा भार शेजारच्या मुलीवर पडतो. आधी नातेवाइकांकडे सलग तीन-चार रात्री राहून पाहिलेली मुलगी लवकर रुळते. भेटीला शाळेच्या खास दिवशी जाऊ नये. एखाद्या साध्या रविवारी दुपारी, मिस्सा आणि जेवण आटोपल्यावर, परवानगी घेऊन जावं. बोर्डर त्या वेळी काय करताहेत ते बघावं. आणि सही करण्याआधी शाळा सोडण्याची अट वाचावी. बहुतेक बोर्डिंग पूर्ण एका सत्राची आगाऊ सूचना मागतात, नाहीतर त्या सत्राची फी भरावी लागते. आजारपणामुळे किंवा मुलीला त्रास झाल्यामुळे काढून घ्यावं लागलं, तर ही अट शिथिल होईल असं एक वाक्य करारात घालून घ्यावं. प्रवेशाच्या दिवशी शाळा त्याला सहसा तयार होते, वर्षाच्या मध्यावर होत नाही.